कारणाच्या रकान्यात फक्त 'ताप'

गेल्या अंकातल्या एका उत्तरात १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्या एकाच विषयाला दिलं आहे. पहिलं पत्र जवळजवळ पूर्ण छापते आहे. त्यातला दुसरा प्रश्न मात्र शेवटी घेईन.

प्रश्न : आदरणीय डॉक्टरबाई, कुणबी नोंद शोधण्यासाठी आमच्या गावच्या जुन्या गाव नमुना १४ च्या (जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या) नकला काढल्या आणि मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतल्या. नोंद मिळाली, पण ती पानं ऐकताना अंगावर काटा आला. सप्टेंबर १९१८ मधल्या मयतांना अर्धं पान पुरलं आहे, ऑक्टोबरला पाच पानं लागली आहेत. आमच्या घरातले तिघं आठ दिवसांत गेले : पणजी, तिचा धाकटा मुलगा आणि चुलत पणजोबा. पणजोबा तेव्हा पलटणीबरोबर इराकमध्ये बसऱ्याला होते. प्रत्येक नावापुढे कारण एकच, 'ताप'. माझी आजी सांगायची, "त्या साली घट बसले, पण उठवायला घरात माणूस नव्हतं." ती त्याला मानमोडी म्हणायची. हीच का ती साथ? मग रोगाचं नाव का लिहिलं नाही? आणि दुसरं, पणजीच्या जागी पणजोबांचं नाव आणि पुढे 'याची बायको' एवढंच आहे. तिचं नाव कुठे मिळेल?
(पाटण तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : होय, हीच ती साथ. तुमच्या आजीच्या त्या एका वाक्यावरून जवळजवळ तारीखसुद्धा काढता येते. १९१८ मध्ये दसरा १५ ऑक्टोबरला होता. घट बसले ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. मुंबई शहरात त्या साथीतले सर्वांत जास्त मृत्यू नोंदले गेले तो दिवस ६ ऑक्टोबर, त्या एका दिवसात ७६८. म्हणजे मुंबईत कळस गाठला गेला त्याच सुमारास तुमच्या घरात घट मांडले जात होते आणि ताप गावात शिरलेला होता. नवरात्राचे नऊ दिवस आणि तुमच्या नोंदीतले आठ दिवस हे एकच आहेत. आजीने अतिशयोक्ती केलेली नाही.

मानमोडी हा शब्द मी देशावर आणि कोकणात, दोन्हीकडे जुन्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. डोकं फुटायची वेळ येणं, मान आणि कंबर धरणं, अंग मोडून येणं ही त्या तापाची सुरुवात असायची. ज्यांनी तो सोसला त्यांनीच ठेवलेलं हे नाव आहे, आणि 'स्पॅनिश फ्लू'पेक्षा मला ते जास्त खरं वाटतं.

आता रकान्यातल्या 'ताप' या शब्दाविषयी. मी सार्वजनिक आरोग्य खात्यात एकतीस वर्षं काढली. नोकरीच्या सुरुवातीला जुन्या मृत्यूनोंदी तपासताना मलाही असं वाटायचं की पाटलांनी आणि कोतवालांनी कंटाळा केला. तसं नव्हतं. गावात डॉक्टर नव्हता. नोंदवही ज्या ठरावीक सदरांसाठी होती ती म्हणजे पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, अपघात अशी. इन्फ्लुएंझाला सदरच नव्हतं. मलेरिया, विषमज्वर, न्यूमोनिया, सगळं तापातच जायचं. लिहिणाऱ्याने समोर जे दिसलं ते लिहिलं. कितीतरी गावांत लिहिणाराच आडवा पडला आणि पानं कोरी राहिली. तुमच्या गावातल्या त्या माणसाने पाच पानं भरली. त्याच्या घरात त्या दिवसांत काय चाललं होतं कोण जाणे. मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

एकूण माणसं किती गेली याचे आकडे इतके वेगवेगळे का, याचं कारणही याच रकान्यात आहे. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये सुमारे ६० लाख हा अंदाज दिला. १९२१ ची खानेसुमारी झाली तेव्हा तो १ कोटी २० ते ३० लाखांवर गेला. पुढे लोकसंख्येच्या अभ्यासकांनी १ कोटी ८५ लाखांपर्यंत नेला. २०१२ मधल्या एका फेरमोजणीत तो १ कोटी ४० लाखांच्या आसपास आला. 'ताप' या सदरात दर वर्षी किती माणसं जात आणि त्या वर्षी किती गेली, हा फरक काढून ही गणितं मांडावी लागतात. सगळ्या जगात मिळून ५ कोटींच्या आसपास माणसं गेली असं धरलं, तर त्यातला फार मोठा वाटा आपल्याकडचा होता. आजच्या भारताच्या हद्दीत लोकसंख्या २५ कोटी २१ लाखांवरून २५ कोटी १३ लाखांवर उतरली. खानेसुमारी सुरू झाल्यापासून माणसं कमी झाल्याचं हे एकच दशक आहे.

प्रश्न : ही साथ स्पेनमधून आपल्याकडे आली का?
(नाशिकचे एक वाचक)

उत्तर : नाही. पहिल्या महायुद्धात स्पेन तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धाचे निर्बंध नव्हते. राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडला, त्याच्या बातम्या आल्या आणि नाव चिकटलं. लढणाऱ्या देशांनी आपापल्या छावण्यांतला ताप झाकून ठेवला होता. मार्च १९१८ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या कॅम्प फन्स्टन या लष्करी तळावर मोठ्या संख्येने सैनिक आजारी पडल्याची नोंद आहे, पण रोगाचं मूळ तिथलंच का, यावर आजही एकमत नाही.

आपल्याकडे तो समुद्रातून आला. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, त्यातला एक गोदीत पहाऱ्यावर असलेला होता. काही दिवसांत गोदी कामगार, पोर्ट ट्रस्ट, तारऑफिस, टांकसाळ, गिरण्या अशी माणसं पडत गेली. ही यादी नीट पाहा, सगळी रोज एकत्र जमणारी आणि परक्या माणसांशी संबंध येणारी ठिकाणं आहेत. मुंबई म्युनिसिपालिटीचे हेल्थ ऑफिसर जे. ए. टर्नर यांचं म्हणणं होतं की रोग जहाजांतून उतरला. वरचे अधिकारी म्हणत होते की तो शहराच्या घाणीतून आला. टर्नर यांनी लिहून ठेवलंय की हा रोग रात्रीच्या चोरासारखा आला. जून-जुलैची ही लाट तुलनेने सौम्य होती. लोक सावरले. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती मारक होती, आणि ती आगगाडीने देशावर चढली. मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड, पंजाब या भागांना सर्वांत जबर फटका बसला, बंगाल आणि मद्रासला त्यामानाने कमी.

प्रश्न : आमच्या शिक्षिका म्हणायच्या की साथ जात-धर्म पाहत नाही, राजा-रंक सारखे. १९१८ मध्येही तसंच झालं असेल ना?
(सोलापूरची एक विद्यार्थिनी)

उत्तर : बाळ, तुझ्या बाईंचा हेतू चांगला होता. लागण पुष्कळशी सारखी झाली, हेही खरं. मरण मात्र सारखं आलं नाही. मुंबई शहरात त्या साथीत दर हजारी किती माणसं गेली याचा समाजवार हिशेब झालेला आहे. युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, सवर्ण हिंदू १८.९. आणि ज्यांना सरकारी कागदांत खालच्या जातीचे हिंदू म्हटलं आहे त्यांच्यात ६१.६. एकच शहर, एकच महिना, एकच विषाणू. आठ आणि एकसष्ट.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वही मिटून बसून राहिले होते. कारण त्या काळात युरोपियन माणसाकडे इन्फ्लुएंझाचं औषध होतं असं मुळीच नाही. ते कोणाकडेच नव्हतं, लंडनमध्येही नव्हतं. मग फरक कशाने पडला? जागा, दूध, पांघरूण, आणि खाटेशेजारी बसायला माणूस, याने पडला.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पाड्यावर तापाची साथ पाहायला गेले होते. एका झोपडीत पाच माणसं जमिनीवर पडलेली होती, सगळी जिवंत. कोपऱ्यात पाण्याचा हंडा होता, कोरडा ठणठणीत. विहीर दीडशे पावलांवर होती. पण त्या पाचांपैकी एकाच्याही पायांत तेवढं चालण्याचं बळ नव्हतं आणि शेजारच्या झोपडीतही तीच अवस्था. आम्ही औषधाच्या गोळ्या घेऊन गेलो होतो आणि पहिले दोन तास फक्त पाणी भरत होतो. १९१८ चा ऑक्टोबर मला त्या हंड्यावरून कळला.

त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. खरीप करपलं. युद्धामुळे धान्य आधीच महाग, त्यात दुष्काळ. चारा नाही म्हणून जनावरं गेली, म्हणून दूध नाही. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटायची तिथे तापाने पडलेल्या माणसाला दोन पर्याय होते, पडून राहून उपाशी राहायचं किंवा ताप अंगावर काढून कामाला जायचं. या रोगात ताप उतरायच्या आधी उठणं हे फार धोक्याचं, हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही दिसत होतं आणि ते तसं सांगतही होते. पण चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं असताना 'वेगळ्या खोलीत विश्रांती घ्या' हे कोणाला सांगायचं?

आणखी एक फरक आहे, तो तर मला सर्वांत बोचतो. जगात बहुतेक ठिकाणी या साथीत पुरुष जास्त मेले. हिंदुस्थानात बायका जास्त मेल्या. सगळ्यांचं करायचं तिने आणि सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायचंही तिनेच. तिला ताप आला की तिचं करायला कोण? पाटणच्या वाचकांच्या पणजीची नोंद मी याच नजरेने वाचते. नवरा बसऱ्याला, दीर आजारी, मूल आजारी. ती कोणत्या दिवशी आडवी झाली असेल आणि तिच्या हाताशी पाणी ठेवायला कोण उरलं असेल?

प्रश्न : म्हाताऱ्यांऐवजी तरुण माणसं का गेली? आजच्यासारखी प्रतिजैविकं असती तर वाचली असती का? डॉक्टर तेव्हा देत काय होते?
(मिरजेचे एक निवृत्त औषधनिर्माते)

उत्तर : नेहमीच्या फ्लूमध्ये तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं दगावतात. १९१८ मध्ये वीस ते चाळीस या वयात मृत्यूंचा तिसरा उंचवटा दिसतो, तोही सगळ्या जगात. गरोदर बायकांचं प्रमाण तर फारच वाईट होतं. वयस्कर लोकांना लहानपणी त्याच जातीच्या एखाद्या जुन्या विषाणूची ओळख झालेली असावी आणि ती पुढे कामी आली असावी, हे एक स्पष्टीकरण. तरुण शरीराने विषाणूवर इतका जोराचा प्रतिहल्ला केला की त्यात फुप्फुसंच पोळली, हे दुसरं. या विषाणूवर प्रयोगशाळेत प्राण्यांवर जे प्रयोग झाले त्यांत हे दुसरं दिसलं आहे.

प्रतिजैविकांबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. विषाणूवर ती चालत नाहीत, पण १९१८ मध्ये बहुतेकांचा जीव विषाणूच्या मागून येणाऱ्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने घेतला. त्या काळातल्या ५८ शवविच्छेदनांचे जपून ठेवलेले नमुने २००८ मध्ये पुन्हा तपासले गेले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरल्यासारखा वाटायचा, मग पुन्हा चढायचा, ओठ आणि कान निळे पडायचे आणि मग फार वेळ लागत नसे. सल्फाची औषधं १९३० च्या दशकात आली, पेनिसिलिन माणसांपर्यंत पोचलं १९४० च्या दशकात. ती असती तर लाखो माणसं वाचली असती असं मला ठामपणे वाटतं.

देत काय होते, तर क्विनीन, ॲस्पिरिन, कफ सुटण्याची मिश्रणं, ब्रँडी. पाश्चात्त्य देशांत ॲस्पिरिन दिवसाला ८ ते ३१ ग्रॅमपर्यंत दिल्याच्या नोंदी आहेत. तुम्ही औषधनिर्माते आहात, आजची कमाल ४ ग्रॅम हे तुम्हाला सांगायला नको. काही मृत्यू त्या मात्रेने ओढवले असावेत असं २००९ मध्ये एका अभ्यासिकेने मांडलं. मला ते पटण्यासारखं वाटतं, पण आपल्या खेड्यांत ॲस्पिरिनची गोळी पोचतच नव्हती, त्यामुळे आपल्या मृत्यूंचं हे कारण नव्हे.

लसही निघाली होती. पण रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये एका जिवाणूला इन्फ्लुएंझाचं कारण ठरवलं होतं आणि जग ते धरून चाललं होतं. त्यामुळे लशीही जिवाणूंच्याच मिश्रणाच्या होत्या. माणसातला खरा विषाणू सापडला १९३३ मध्ये, स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांना, लंडनमध्ये, फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर प्रयोग करताना. एक आजारी फेरेट स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला आणि त्यांना फ्लू झाला. तेव्हा कोडं सुटलं. साथीनंतर पंधरा वर्षांनी.

आणि १९१८ चा नेमका विषाणू हाती यायला आणखी बहात्तर वर्षं गेली. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन या वस्तीत नोव्हेंबर १९१८ मध्ये ८० प्रौढांपैकी ७२ जण पाच दिवसांत गेले. त्यांना कायम गोठलेल्या जमिनीत एकत्र पुरलं. योहान हुल्टिन यांनी १९५१ मध्ये तिथे खणून नमुने घेतले, विषाणू जगवता आला नाही. १९९७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते गावकऱ्यांची परवानगी घेऊन पुन्हा तिथे गेले. एका बाईच्या शरीरावरच्या चरबीमुळे तिची फुप्फुसं टिकून राहिली होती. त्या फुप्फुसांनी जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाला उरलेले दुवे पुरवले आणि २००५ मध्ये विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना पूर्ण झाली. १९५७, १९६८ आणि २००९ या तिन्ही साथींच्या विषाणूंत त्याचा अंश आहे. हुल्टिन यांनी त्या बाईला लुसी असं नाव दिलं.

प्रश्न : गांधीजींना १९१८ मध्ये स्पॅनिश फ्लू झाला होता असं फिरत असतं. खरं आहे का?
(वर्ध्याच्या एक वाचक)

उत्तर : गांधीजी त्या ऑगस्टमध्ये मरणाच्या दारी होते हे खरं, पण खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरल्यानंतर त्यांना झाला होता तो आमांश. त्यांनी आत्मकथेत तसं स्वच्छ लिहिलं आहे. त्यांच्या घराला मात्र या साथीची झळ लागली. थोरले चिरंजीव हरिलाल यांच्या पत्नी चंचल त्या वर्षी इन्फ्लुएंझानेच गेल्या.

प्रश्न : १८९७ मध्ये प्लेगसाठी सरकारने घराघरांत घुसून माणसं बाहेर काढली. १९१८ मध्ये तसं का केलं नाही?
(पुण्याचे एक वाचक)

उत्तर : थोडक्यात सांगायचं तर पुण्यातच जे घडलं त्यामुळे. घरझडत्या, रँडची हत्या, चापेकर बंधूंना फाशी, हे सगळं सरकार विसरलं नव्हतं आणि लोकही विसरले नव्हते. सरकारने हात आखडता घेतला. लोक इस्पितळाचं नाव काढलं की अंग चोरत. डॉक्टरांपैकी पुष्कळ जण युद्धावर. मग मधली पोकळी भरली ती सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी आणि गल्लीगल्लीतल्या तरुणांनी. औषधाच्या बाटल्या, दूध, कांबळी घेऊन ते चाळी चढत होते. त्यांच्या बाटल्यांतल्या औषधाने फारसं काही झालं नसेल. दुधाने आणि कांबळ्याने नक्की झालं.

पाटणच्या वाचकांचा राहिलेला प्रश्न, पणजीच्या नावाचा.

नमुना १४ मध्ये विवाहित बाईचं नाव बहुतेक वेळा मिळत नाही, म्हणून तिथे आणखी शोधू नका. तीर्थोपाध्यायांकडे जा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या उपाध्यांच्या जुन्या वह्या गाव आणि आडनाव यांप्रमाणे लावलेल्या असतात. पणजोबा बसऱ्याहून परतले तेव्हा घरातली तीन माणसं नव्हती. त्या माणसाने पिंडदानासाठी कुठलं ना कुठलं क्षेत्र गाठलं असण्याची शक्यता मला बरीच वाटते. पिंड देताना बाईचं नाव उच्चारावं लागतं, 'अमक्याची बायको' म्हणून चालत नाही. म्हणून सरकारी वहीत नसलेली बायकांची नावं त्या वह्यांत सापडतात. जाताना १९१९ आणि १९२० ही दोन्ही सालं आवर्जून पाहायला सांगा, आणि मोडी वाचणाऱ्या त्या गृहस्थांना बरोबर न्या.

तिथे मिळालं तर ते सासरचं नाव असेल. लग्नात नाव बदलत, तेव्हा माहेरचं वेगळं. त्यासाठी तिचं माहेर कोणत्या गावचं हे आधी कळायला हवं. तुमच्या आजी आता नाहीत असं पत्रावरून दिसतं. भावकीत सगळ्यांत वयस्कर जी बाई असेल तिच्याकडे जाऊन बसा. पुरुषांना विचारू नका, त्यांना पणज्यांची माहेरं ठाऊक नसतात. आणि दिवाळीपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात जा.